तीन खांब सिमेंटचे, एक ऐनाचा

दामू,

तू गेलास त्या दिवशी मी खांबाला पाणी मारलं. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात याचीच चर्चा जास्त झाली.

तुला नेलं आणि बायका ओटीवर बसून राहिल्या. मी मात्र उठून बादली घेतली. अंगणात तुझा चौथा खांब गोणपाटात गुंडाळून आडवा पडला होता. ऊन असं की गोणपाट वाळून पापडासारखं कडक झालं होतं. चार बादल्या ओतल्या तेव्हा कुठे ते मऊ पडलं. शेजारची पारू म्हणाली, "अगो बाय, दीर गेला त्याचं काय नाय, आनी सिमेंटची काळजी!" मी म्हटलं, "सिमेंटला सुतक नसतं गो."

हे मला तूच शिकवलंस. ओतलेला खांब पहिले सात दिवस तहानलेला राहिला तर जन्मभर कच्चा राहतो. तो दिवस चौथा होता. मी काय करायला हवं होतं? तू असतास तर मला रडताना बघून ओरडला असतास, "वयनी, आधी पानी मार, मग रड." पाणी मारलं. रडायचं मग राहूनच गेलं.

मी या घरात आले तेव्हा तू पाटी घेऊन शाळेत जायचास आणि येताना पाटी विसरून यायचास. तुझी आई अंथरुणाला खिळलेली. तुला आंघोळ घालण्यापासून सगळं माझ्यावर आलं. मला मूल झालं नाही आणि तुला आई उरली नाही, तेव्हा देवाने हिशेब जुळवला असं लोक म्हणायचे. तसलं काही नव्हतं. तू हट्टी होतास आणि मी तापट. आपण रोज भांडायचो. पुढे तुझा भाऊ गेला, तुझी बायको गेली, तुझी माया शिकून शहापूरला शाळेत शिकवायला लागली, आणि घरात भांडायला आपण दोघंच उरलो.

खांबांचं वेड तुला उतारवयात लागलं. तोवर तू साधा गवंडी होतास. विटा, प्लास्टर, फार तर एखादी मोरी. मग वाशिंदपासून मुरबाडच्या रस्त्यापर्यंत मुंबईच्या लोकांचे बंगले उठायला लागले आणि प्रत्येकाला दारात गोल नक्षीचे खांब हवे झाले. एका बंगल्यावर एक इंजिनियर बाई होती. तुझा हात बघून तिने तुला एक जाडजूड पुस्तक दिलं. इंग्रजी, कव्हर फाटलेलं, आत नुसते खांब. ग्रीस नावाच्या देशातले, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे. ते तू मांडीवर घेऊन बसलास ते बसलासच. पेजेची वाटी निवून गेली.

मी डोकावले. डोंगरावर एक देऊळ, त्याला छप्पर नाही, भिंती नाहीत, आणि खांब उभे. पुढच्या पानावर तर आणखी कमाल. नुसत्या माळावर दोन-तीन खांब, वर काहीच नाही.

मी म्हटलं, "लोक येडे का काय? छप्पर गेलं तर खांब काढून दुसऱ्या कामाला लावायचे."

तू मान वर न करता म्हणालास, "वयनी, ते आता काय धरून उभे नायत. ते नुसते उभे हायत."

"मग उपेग काय?"

"तू बघतेस ना? तोच उपेग."

मला हे उत्तर पटलं नव्हतं. पण पान उलटलंस तेव्हा मी म्हटलं, थांब जरा. हे तू लक्षात ठेवलंस आणि वर्षभर मला चिडवलंस.

रविवारी माया यायची आणि इंग्रजी वाचून मराठीत सांगायची. त्यांचे खांब तीन जातींचे. डोरिक, आयोनिक, कॉरिंथियन. मला ती नावं कधी नीट म्हणता आली नाहीत. मी म्हणायची साधा, शिंगांचा आणि पानांचा. साधा म्हणजे अनवाणी. त्याला खाली बैठक नसते, थेट जमिनीवर उभा, डोक्यावर पाटासारखी सपाट चौकोनी फळी. अंगभर उभ्या पन्हाळी, त्यांच्या कडा धारदार. शिंगांचा जरा सडपातळ, पायात बैठक, डोक्यावर दोन्हीकडे मेंढ्याच्या शिंगांसारखी वळलेली वेटोळी. आणि पानांचा म्हणजे डोक्यावर झाडच फुटलेलं.

नेमकं त्याच साली आपल्या ओटीच्या एका खांबाला वाळवी लागली. तुझ्या आज्याने जंगलातून आणून उभे केलेले ऐनाचे चार खांब. बुडखा खाली, शेंडा वर, झाड जसं उभं होतं तसंच. पहिला पोखरला. तू बोटाने टोचलंस तर भुसा गळला. मला वाटलं तू दुसरं लाकूड आणशील. तू म्हणालास, "साधा बसवतो."

त्या पहिल्या खांबावरून आपलं जे झालं ते माया अजून लोकांना सांगते. तू तो ओळंब्यात ओतलास, वरपासून खालपर्यंत एकसारखा सरळ. उभा केलास. मी अंगणाच्या टोकाला तांदूळ पाखडत होते. तिथूनच म्हटलं, "दामू, मधे खपाटीला गेलाय रे. उपाशी मानसाच्या पोटावानी दिसतो."

"डोळे तपास."

"तूच तपास."

तू ओळंबा लावलास. दोरी खांबाला लागून सरळ खाली गेली. कुठे फट नाही. तू मला हात धरून तिथे नेलंस आणि दोरी दाखवलीस. मी दोरी बघितली, परत अंगणाच्या टोकाला गेले आणि म्हटलं, "खपाटीला गेलाय." चार दिवस आपण एकमेकांशी बोललो नाही. मीठ हवं असलं तरी मायाला फोन करून तिच्यामार्फत निरोप.

रविवारी मायाने पुढचं पान वाचलं. त्या लोकांना हे माहीत होतं म्हणे. सरळ खांब लांबून बघितला तर डोळ्याला मधे चेपल्यासारखा दिसतो. म्हणून ते खांब मधे अगदी किंचित फुगवायचे आणि वर निमुळते करायचे. इतकं किंचित, की जवळून कळत नाही. तेव्हा तो सरळ दिसतो.

तू पुस्तक मिटलंस, ओटीवरून उतरून अंगणाच्या टोकाला गेलास, माझ्या सुपाशेजारी उभा राहिलास आणि कितीतरी वेळ खांबाकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "डोळा खोटं सांगतो, म्हनून त्यांनी दगडाला खोटं बोलायला लावलं. मग दोगं मिळून खरं झालं." तुझा आवाज देवळात असतो तसा झाला होता. मलाही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. ज्या माणसांनी आपल्याला कधी बघितलं नाही त्यांना आपल्या डोळ्याची खोड माहीत होती.

मग घण घेतलास आणि तो खांब फोडलास. आठ दिवसांचं काम. मी म्हटलं, "अरे राहू दे, लांबून कोन बघतो?" तू म्हणालास, "तू." आणि माझी माफी मात्र मागितली नाहीस. तेवढं राहिलंच.

दुसऱ्यांदा तू प्लायवूडची पट्टी पोट काढून कापलीस आणि तिच्यावर साचा केलास. पन्हाळी वीस हव्यात. खांबाच्या घेराची दोरी घेतलीस आणि वीस भाग करत बसलास. निम्मे, त्याचे निम्मे इथवर आलास आणि पाचावर अडलास. मी ती दोरी तुझ्या हातातून ओढली आणि लुगड्याच्या निऱ्या घालतात तशा बोटांवर पाच घड्या घातल्या. आयुष्यभर तेच केलंय, त्यात काय. तू खडूने खुणा केल्यास. पुढे मायाने वाचलं की शिंगांच्या खांबावरच्या पन्हाळी म्हणजे बाईच्या वस्त्राच्या निऱ्या, असं दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलंय. मी त्या रात्री जेवताना दोनदा हसले. तुला वाटलं मी तुला हसते.

दुसरा ऐन काही वर्षांनी किडला, तिथे शिंगांचा आला. मग तिसरा, तिथे पानांचा. त्याची गोष्ट तू मला विहिरीवर सांगितलीस. त्या देशात एक मुलगी लग्नाच्या वयात मेली. तिला सांभाळणारी दाई होती. दाईने त्या मुलीचे आवडते पेले-वाट्या एका टोपलीत भरल्या, टोपली तिच्या थडग्यावर ठेवली आणि पावसापाण्याने खराब होऊ नये म्हणून वर कौल ठेवलं. टोपली नेमकी एका झाडाच्या मुळावर बसली. पुढे झाड फुटलं, पानं टोपलीच्या कडेने वर चढली, कौलाला टेकली आणि वळली. एक कारागीर तिथून चालला होता. त्याने ते बघितलं आणि खांबाच्या डोक्यावर तेच घडवलं. खरं-खोटं कोण जाणे, असंही पुस्तकात लिहिलेलं होतं.

मी कळशी खाली ठेवली. मला त्या कारागिराचं काही वाटलं नाही. मला दाईचं वाटलं. तिने कौल ठेवलं. रडत बसली असती तर टोपली भिजली असती आणि जगात हा खांब झालाच नसता. तिचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही, मी मायाला विचारलं.

त्या झाडाची पानं आपल्याकडे मिळेनात. तू रस्त्याकडेचा पिवळा धोतरा उपटून आणलास, त्याचीही पानं तशीच कातरलेली आणि काटेरी. ती मातीत दाबून साचे केलेस. मी म्हटलं, "दारावर इखारी झाड लावतोस?" तू म्हणालास, "सिमेंटचं हाय, खाऊ नको." खांब बसला तेव्हा मी नीट बघितलं आणि विचारलं, "पानं हायत. टोपली कुटं हाय?" तू म्हणालास, टोपली पानांच्या आत असते, ती दिसत नाही. मी म्हटलं, "दाईनं ठेवलेली तीच दिसत नाय होय? बरं हाय तुमचं."

आता चौथ्याचं. दाराजवळचा. तो किडला नव्हता, अजूनही किडलेला नाही. पण तुला चैन पडेना. तीन सिमेंटचे आणि एक लाकडी, बघणारा हसतो, म्हणायचास. मी म्हणायची, बघणाऱ्याला चहा देऊ नको. जो खांब धडधाकट आहे त्याला का म्हणून काढायचा? म्हातारा झाला म्हणून? मग मलाही काढ.

"माजा जीव हाय तवर तो हलायचा नाय," मी म्हणाले.

"बरं," तू म्हणालास, "मग आधी तू जा. मग बघतो."

यावर आपण दोघं हसलो होतो. शेवटच्या तीन वर्षांत हे बोलणं किती वेळा झालं असेल, सांगता येणार नाही. यंदा होळी झाली आणि मला न विचारता तू चौथा खांब ओतायला घेतलास. मी दोन दिवस तुला भाजीत मीठ कमी घातलं. त्याच दिवसांत माझी भाताची टोपली नाहीशी झाली, ती वेगळी कटकट. कणगीमागे शोधली, पारूकडे विचारलं, तिच्याशी भांडले. तू मान खाली घालून साचा घासत होतास. ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी साचा उघडलास आणि लगेच गोणपाट गुंडाळलंस. मला बघू दिलं नाहीस. "पंध्रा दिसांनी बग," म्हणालास.

चौथ्या दिवशी जेवून ओटीवर आडवा झालास, त्याच ऐनाच्या बुंध्याशी. चहाला हाक मारली, उठला नाहीस. दामू, आधी मी जायचं ठरलं होतं.

रोज पाणी मारलं. सातव्या दिवसानंतरही मारलं. बाराव्या दिवशी माया तुझ्या वस्तू आवरत होती. पुस्तकात एका पानाशी तू बिडीच्या पुडक्याचा कागद घालून ठेवला होतास. तिने ते पान वाचलं आणि थांबली. म्हणाली, "काकी, हे तुला बाबांनी सांगितलं होतं?"

काय ते विचारलं, तर असं. त्याच देशात हेरा नावाच्या देवीचं फार जुनं देऊळ. त्याचे खांब आधी सगळे लाकडी होते असं जाणकार मानतात. एकेक कुजला तसा त्याच्या जागी दगडाचा बसवला, ज्या काळचा कारागीर त्या काळची घडण. म्हणून त्या देवळाचे खांब एकासारखा एक नाहीत. आणि देऊळ बांधल्यावर सात-आठशे वर्षांनी एक प्रवासी तिथे गेला, तर मागच्या बाजूला एक खांब अजून लाकडाचाच उभा होता. त्याने तसं लिहून ठेवलंय.

मी तिला ते तीनदा वाचायला लावलं. सात-आठशे वर्षं! तिथे किती माणसं झाली असतील ज्यांचे हात शिवशिवत असतील तो काढायला. आणि दर वेळी कुणीतरी म्हणालं असेल, किडला नाही ना, राहू दे. ते कोण होतं, पुजारी होता की झाडणारी बाई, कुणाला ठाऊक. मी भिंतीला टेकून बसले. इतक्या लांबचं, इतकं जुनं माणूस माझ्या बाजूने बोलत होतं.

मग राग आला. तुला हे माहीत होतं! पान राखून ठेवलं होतंस आणि तोंडाने अवाक्षर काढलं नाहीस.

तेराव्याला तुझी गवंडी मंडळी जेवायला आली. जेवणं झाल्यावर बघते तर दाराजवळ तुळईखाली लोखंडी टेकू लावलेला आणि दोघं पहारी घेऊन ऐनाच्या बुंध्याशी. तुझा जोडीदार शंकर पुढे झाला. म्हणाला, "वयनी, दामूची इच्छा होती. मानसं जमलीत, आजच बसवून टाकू. त्याच्या आत्म्याला शांती."

"पहार खाली ठेव," मी म्हटलं.

"वयनी, मेलेल्या मानसाशी कशाला भांडतेस?"

"जिता होता तवा भांडत होते, आता का सोडू? माया, पुस्तक आन."

मायाने सगळ्यांसमोर ते पान वाचलं. गवंडी लोक, तसल्या गोष्टी ऐकताना त्यांची तोंडं उघडी राहतात. एकाने विचारलं, लाकूड कुठलं होतं? ओक नावाचं, माया म्हणाली. तो म्हणाला, आपल्या ऐनावानी असंल. शंकर मात्र खाली बघून हसायला लागला.

"काय रे?"

"मला त्यानं सांगितलं होतं गो. तीन वर्सं झाली. म्हनाला, वयनीला बोलू नको, डोक्यावर बसंल."

सगळे हसले. मीही हसले. तेराव्याला घरात इतकं हसू बरं दिसत नाही म्हणून पारूने पदर तोंडाला लावला, पण तिचेही खांदे हलत होते. टेकू काढला. ऐन जागच्या जागी.

"मग ह्याचं काय करायचं?" शंकरने गोणपाटाकडे बोट केलं.

मी म्हटलं, सोड ते. त्याने सुतळी कापली आणि गोणपाट उलगडलं. दामू, मी तुझं काम आयुष्यभर बघत आले. चुका काढल्या, कारण चुका दिसायच्या. याच्यात मला काही सापडेना. पन्हाळी अशा, की पाणी ओतावं तर सरळ पायाशी यावं. पोट होतं आणि दिसत नव्हतं. आणि डोक्यावर पानं कमी केली होतीस. पानं बाजूला सरली होती आणि त्यांच्या मधून टोपली दिसत होती. वीण न् वीण. मी खाली वाकले. काठाशी एक कामटी तुटलेली, तिथे तारेने बांधलेलं. ती तार मी बांधली होती, दोन वर्षांपूर्वी, पक्कड न घेता दातांनी पीळ दिला होता. तो पीळसुद्धा सिमेंटमध्ये उतरला होता.

माझी टोपली. आणि मी पारूला चोर म्हणाले होते.

मी त्या पिळावरून बोट फिरवलं. शंकर काहीतरी विचारत होता ते ऐकू येत नव्हतं. तू चौथा खांब ऐनाच्या जागी बसवणार होतास की नव्हतास, हे मला आता कुणी सांगू शकत नाही. मापाने तो तिथे बसतो, मी दोरी लावून बघितली. तुझं ते पान आणि तुझा तो खांब, दोन्ही तू ठेवून गेलास आणि मधलं बोलणं मात्र घेऊन गेलास. माफीही तशीच घेऊन गेलास. टोपली मी माफी म्हणून घेणार नाही. टोपली टोपली आहे. पण इतकी चांगली टोपली मी कधी बघितली नाही, हे तुला सांगायला हवं होतं, आणि तू असताना असलं काही मी तुला कधी सांगितलंच नाही. "बरा हाय" याच्या पुढे माझी जीभ गेली नाही. तो खांब बरा नाही, दामू. तो त्या पुस्तकातल्या खांबांच्या शेजारी उभा राहील असा आहे.

मी शंकरला अंगणाचं टोक दाखवलं, जिथे मी तांदूळ पाखडते. म्हटलं, इथे खड्डा घ्या आणि उभा करा. आठ माणसं लागली, दोर आणि बांबू लावून. शंकरने तीन बाजूंनी ओळंबा धरला. मी लांब जाऊन ओटीवर उभी राहिले आणि तिथून बघितलं. सरळ.

ऐन किडेल तेव्हा मायाने तो आणून दाराशी बसवावा, हे मी तिला सांगून ठेवलंय. ऐन आधी जातो की मी, ते बघू. सिमेंटला घाई नाही. तोवर माझ्या सुपाशेजारी तो आहे. सकाळी त्याची सावली ओटीपर्यंत येते आणि दुपारपर्यंत त्याच्याच पायाशी जाऊन बसते.

काल पारू आली. टोपलीबद्दल मी तिची माफी मागितली, तिने ती घेतली आणि वर चहाही घेतला. मग खांबाभोवती एक फेरी मारून म्हणाली, "याच्यावर काय ठेवनार गो? तुळस?"

"काय नाय."

"मग उपेग काय?"

मी बादली भरून घेतली आणि त्याच्या पायाशी ओतली. आता गरज नाही, तरी. म्हटलं, "तू बघतेस ना?"